काबरीचं तोंड कुणाकडं होतं

"ज्या माणसानं मरणाची भीती टाकली, त्याला काळसुद्धा दारातूनच रामराम करून माघारी जातो," असं बद्रीनाथ भरल्या आवाजात म्हणाले आणि खुराड्यात हात घालायला बायकोला पुढं केलं.

केसरबाईंनी घातला, कोपरापर्यंत. आतला भुसा चाचपला, कोपरे चाचपले, हात बाहेर काढून पदराला पुसला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय न्हाई?" बद्रीनाथ बाजेवर उभे होते.

"साप बी न्हाई आन् अंडं बी न्हाई. उतरा खाली, बाज मोडंल."

काबरी कोंबडी अंडी देईनाशी झाली, त्याचं हे पहिलं संशोधन. बद्रीनाथांचा तर्क सरळ होता. अंडं नाही म्हणजे कुणीतरी खातंय. खाणारा सापच. आणि जो साप खुराड्यापर्यंत येतो, त्याला बाज किती लांब? साप निघाला नाही तेव्हा काबरी चोरून दुसरीकडं अंडी घालत असेल म्हणून त्यांनी कडब्याची गंजी तपासली. लांब काठीनं, आणि पळायला वाट मोकळी ठेवून. तिथंही काही नव्हतं. शेजारचा शहादेव भिंतीवरून म्हणाला, "तात्या, खुडूक झाली आसंल. पान्यात बुचकळून काडा."

"खुडूक कोंबडी एका जागी बसून ऱ्हाती," केसरबाई म्हणाल्या. "ही तर गावभर हिंडती. तुज्यासारकी."

कारण सापडलं ते गुरुवारी सकाळी, आणि सापडल्यावर बद्रीनाथांना वाटलं, साप असता तर बरं झालं असतं.

ते बाजेवर चहा पीत होते. केसरबाई उंबऱ्याशी बसून ज्वारी निवडत होत्या. काबरी कोंबड्या झाकायच्या उपड्या डालीवर चढली, केसरबाईंकडं तोंड केलं, मान ताणली आणि आरवली. सुरुवात गंजलेल्या हापशासारखी झाली, पण शेवट चांगला खणखणीत कोंबड्याचा होता.

आपल्याकडं कोंबडी आरवली की घरातलं माणूस जातं. कोणतं, तेही तीच सांगते. आरवताना तिचं तोंड ज्याच्याकडं, ते. उपाय एकच. दिवस मावळायच्या आत तिला शिवेबाहेर नेऊन कापायची. त्या घरात माणसं दोनच होती.

चहा निवला. भिंतीवर शहादेवचं डोकं उगवलं.

"तात्या, कोंबडी आरवली का काय तुमची?"

"कुनाचा तरी कोंबडा आसंल."

"तुमच्या डालीवर हुबा हाय की."

"शहादेव," केसरबाई सूप खाली ठेवत म्हणाल्या, "सांजच्याला सुरी घिऊन ये."

बद्रीनाथांनी मात्र काबरीला पिशवीत घातलं आणि वडवणीची जीप पकडली. कापायच्या आधी बिघाड कुठं आहे ते बघायचं, ही त्यांची जुनी सवय. ते वीज खात्यात हेल्पर होते. खांबावर चढायचे ते दुसरे. बद्रीनाथ खाली डीपीपाशी, फ्यूज खिशात घालून, कुणी येऊन लाईन चालू करू नये म्हणून उभे राहायचे. चहाला बोलावलं तरी जायचे नाहीत. वरचा माणूस खाली उतरेपर्यंत त्यांचा हात खिशातल्या फ्यूजवर असायचा आणि कपाळावर घाम. सगळे त्यांना भित्रा बद्री म्हणायचे. त्यांच्या नोकरीत खांबावरून एकही माणूस मेलेला खाली आला नाही. पण ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती, आणि राहिली नाही.

आता त्यांचं गणित असं होतं, की काबरीला आजार निघाला तर ते आरवणं धरायचं कारण नाही.

जनावरांच्या दवाखान्यात कावेरी डॉक्टरांनी काबरीचं पोट चाचपलं, तुरा पाहिला.

"काका, हिच्या आतली अंडी तयार होण्याची जागाच बंद पडली आहे. तसं झालं की एखादी कोंबडी कोंबड्यासारखी वागते. तुरा वाढतो, आरवते. आता अंडं नाही देणार."

"म्हंजी आजारच हाय?"

"आजार म्हणा, वय म्हणा."

"मंग ते घरातलं मानूस जातंय म्हनत्यात, ते न्हाई ना?"

"घरात कुणाला काही त्रास आहे का?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

बद्रीनाथांच्या डोळ्यांपुढं केसरबाई आल्या. हल्ली नळावरून पाण्याची घागर घेऊन येताना त्या निम्म्या वाटेत पारावर टेकायच्या. विचारलं की म्हणायच्या, पाय दुखत्यात. पण त्या वेळी त्यांचा हात पायावर नसायचा, छातीवर असायचा. हे बद्रीनाथांनी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं ठरवलं होतं.

"कुनाला काई न्हाई," ते म्हणाले.

"मग कोंबडीला औषध नाही. तुम्ही तेवढं पाणी प्या. घाम फुटलाय तुम्हाला."

परतीच्या जीपमध्ये, गाव थोडं राहिलं असताना, काबरी पिशवीत आरवली.

एका बाईनं लेकराला पदराखाली घेतलं. पुढून अंगद ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.

"तात्या, कुनाकडं तोंड हाय तिचं?"

"पिशवीत हाय. पिशवीकडंच आसंल."

"उतरा."

"अरे, तसलं काई न्हाई. आजार हाय तिला. डॉक्टरीनबाई म्हनल्या."

"आजार हाय तर मंग लागंल की आमाला," अंगद ब्रेक दाबत म्हणाला. "उतरा."

ते उतरले आणि काबरीला घेऊन चालत निघाले. उन्हात चालताना त्यांच्या लक्षात आलं, की आपलं लक्ष पायांखालच्या वाटेवर नाही, कान घराकडं लागले आहेत. घराकडून रडण्याचा आवाज येत नव्हता. वळण आलं की ते थांबायचे, ऐकायचे आणि मग पुढं व्हायचे.

दारात शहादेव सुरी घेऊन बसला होता. केसरबाई उभ्या होत्या. उभ्या आहेत हे पाहून बद्रीनाथांना एकदम बसावंसं वाटलं.

"आजार निगाला," त्यांनी पिशवी उघडत सांगितलं. "कापायचं काई कारन न्हाई."

"आजार हाय तर सकाळी सकाळी का म्हनून आरवली?" केसरबाई म्हणाल्या. "शहादेव, चल. दिस खाली गेलाय."

"चलतो. पर आधी सांगा, तोंड कुनाकडं होतं? ज्याच्याकडं होतं त्यानंच कापताना तिचे पाय धरायचे आसत्यात. न्हाईतर टळत न्हाई."

"माज्याकडं," केसरबाई म्हणाल्या.

"माज्याकडं," बद्रीनाथ म्हणाले.

शहादेवनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "दोगांकडं कसं बरं?"

"ह्यांचं काई ऐकू नगं. ह्ये बाजेवर होते. ह्यांच्याकडं तिची शेपटी होती."

"तुला काय दिसतंय? चाळशी कुटं होती तुजी?"

"जवारीतला खडा दिसतोय, कोंबडी दिसंना व्हय?"

"अगं, माज्या डोळ्यात बगून आरवली ती. म्या खोटं बोलन का?"

ते खोटंच बोलत होते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते धोक्याच्या कामाला स्वतःहून पुढं झाले होते, त्यामुळं त्यांना त्याची सवय नव्हती. त्यांनी दाराची चौकट धरली आणि भांडण चालू ठेवलं.

"मला बोलावलं तर म्या जाईन," केसरबाई हळू म्हणाल्या. "तुमचं कसं व्हायचं मागं? तुमाला अंधारात परसाकडं जायला सोबत लागती."

"म्हनूनच म्हनतो, माज्याकडं होतं."

"शेपटी होती."

"तोंड होतं."

"दोगांचं ठरलं की हाक मारा," म्हणून शहादेव बाजेवर बसला. काबरी पिशवीतून निघून उंबऱ्यापाशी सांडलेली ज्वारी टिपू लागली. शेपटी की तोंड हे ठरता ठरेना. डाल कुठं होती ते दाखवायला बद्रीनाथांनी डाल उचलली, केसरबाईंनी ती दुसऱ्या जागी ठेवली. शेवटी शहादेवनं आभाळाकडं पाहिलं आणि सुरी धोतराला पुसली.

"दिस मावळला की. आता कापून काई उपेग न्हाई," तो म्हणाला आणि घरी गेला.

दोघं आत आले. जेवणावर दोघांचंही लक्ष नव्हतं, तरी एकमेकांनी जेवावं म्हणून दोघं जेवले.

तांबडं फुटायच्या आत बद्रीनाथांना जाग आली. परसात काबरी आरवली, कालच्यापेक्षा सरावानं. केसरबाईंच्या अंथरुणाकडून आवाज नव्हता. कूस बदलल्याचा नाही, खोकल्याचा नाही. बद्रीनाथांनी हात लांब केला, श्वास लागतो का पाहायला, केसरबाईंच्या नाकाजवळ.

निम्म्या वाटेत तो हात दुसऱ्या एका हातावर आदळला. तो बद्रीनाथांच्या नाकाकडं निघालेला होता.

"जागे हाव ना?" अंधारातून केसरबाई म्हणाल्या. "मंग नळ आला का बगा. घागर लावा तेवडी."