मावशीच्या पत्त्याची कच्ची शिलाई

शिंप्याचा खडू, अर्धा झिजलेला. एकोणचाळीस बटणं, त्यातलं एकही शर्टाला लावायचं नाही. अजून न शिवलेले वीस कोट. “कुणालाही जमेल इतकं सोपं!” एका दारावर कागद मावेल एवढी मोकळी जागा.

आता जुळवून देतो. माझी मावशी कपडे शिवते. तिने दुकान दोन गल्ल्या पलीकडे हलवलं, जुन्या जागेत दुसरा शिंपी आला. वेबसाइटवर पत्ता जुनाच. तीस तारखेला एक गायकवृंद वीस कोटांची मापं द्यायला येणार होता, तोही वेबसाइटवरचा पत्ता बघून. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. वेबसाइट मी बनवलेली.

“एवढा पत्ता बदलून दे रे.”

“मी नाही. तुझा तू बदलायचा. तुला स्वावलंबी करतो.”

मी सोपं सॉफ्टवेअर शोधायला लागलो. प्रत्येकाची जाहिरात एकच: कुणालाही जमेल इतकं सोपं!

पहिल्यात पडद्यावर एकोणचाळीस बटणं, आणि सगळं धरून ओढायचं. मावशीने ओढलं. दुकानाचा फोटो पानाबाहेर गेला तो गेलाच.

दुसऱ्याने आधी चौदा प्रश्न विचारले. “एवढी चौकशी माझ्या लग्नात झाली नव्हती,” मावशी म्हणाली.

तिसरं मला फार सोपं वाटलं, म्हणून बाद.

मग मी मावशीच्या खडूने अकरा रकान्यांचा तक्ता आखला, खडू अर्धा झिजला. मावशी काजं करता करता ऐकत होती.

“यातलं पत्ता बदलणारं कुठलं?”

“सगळीच.”

“मग एवढे रकाने कशाला आखलेस?”

तक्त्यातलं पाचवं ठरलं. मावशीने चष्मा चढवला, एका बोटाने पत्ता लिहिला, मजल्यासकट बिनचूक. खाली दोनच बटणं: ‘कच्चा ठेवा’ आणि ‘प्रकाशित करा’. यात काय समजवायचं, म्हणून मी समजावलं नाही.

तीस तारीख. अकरा वाजले, बारा वाजले, कोणी येईना. मी साइट उघडली. जुनाच पत्ता!

“मावशी, प्रकाशित नाही केलंस?”

“कच्चा ठेवलाय.”

“का पण?”

“अरे, गिऱ्हाइकाने घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई मारतं का कोणी? मंडळी येतील, पत्ता बरोबर बसला म्हणतील, मग पक्का करते.”

“अगं, पण ती येतील कुठे?”

मावशीने दोरा दाताने तोडला आणि चपला घातल्या.

धावत जुन्या दुकानी गेलो. आत गायकांची रांग, शिंपी एकोणिसाव्याची छाती मोजतोय. मावशीला बघून बिचारा ओशाळला.

“ताई, मला वाटलं तुम्हीच पाठवलेत यांना.”

“मी कुठली,” मावशी म्हणाली. “आमच्या भाच्याने पाठवलेत.”

विसावा गायक कोट काढून उभा राहिला. शिंप्याने टेप त्याच्या खांद्यावर टाकली.

मावशीने दुकान हलवलं त्या दिवशी याच शिंप्याने विचारलं होतं, दारावर तुमचा नवा पत्ता लावून ठेवू का, आणि मी म्हटलं होतं, नको, साइटवर येईलच.