मास्तरचा दुधी

"हात लावू नकोस त्याला!" मास्तर ओरडला, तसा बायकोचा विळा देठाशीच थांबला.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, कपडे शिवणारा. गळ्यातली टेप काढून त्यानं दुधीच्या पोटाभोवती गुंडाळली. "कमरेत अजून दोन बोटं भरू दे. आत्ता कापला तर टोपी, थांबलो तर कोट."

"कोट खायचाय कुणाला? भाजी कोवळी खातात."

"तुला शिवणातलं काय कळतं?"

"आणि तुम्हाला मातीतलं?"

मास्तर टेप पुन्हा गळ्यात अडकवू लागला. त्याची सगळी जमीन म्हणजे नखातला मळ.

हा खटाटोप कशापायी, तर भाजीवाल्या काकूनं भाव उतरवला नाही म्हणून. मास्तर भर चौकात तडकला, "घरी पिकवीन, पण तुझ्या पाटीकडं ढुंकून बघणार नाही!" घरी येऊन त्यानं परसातला बायकोचा धुण्याचा दगड उखडला आणि तिथं दुधी, वांगी, भेंडी लावली. शेळी वेल खाते म्हणून मेहुण्याकडं धाडली. दूध बंद झालं. मग भाजीही बंद झाली, कारण बाजारातली आणायची नाही आणि वेलावरची तोडायची नाही. वांगी बियांनी फुटली. भेंड्या अशा झाल्या की त्यांच्यावर चूल पेटवावी. बचत मात्र झाली. पोटातच काही जाईना, तर खर्च कसला?

अशात लेकीचा निरोप आला. सासू-सासरे उद्या जेवायला येतायत.

बायकोचा चेहरा उतरला. "कंजुषाची पोर म्हणून तिला तिथं आधीच टोमणे बसतात. उद्या पानात नुसती डाळ वाढली तर पोरीनं तोंड कुठं लपवायचं?"

मास्तरनं दुधी उतरवला, लेकरासारखा कडेवर घेऊन घरात आणला. विळी घसरली. कोयता उसळला. शेवटी सुताराची करवत आणली, तेव्हा भुसा पडला आणि आत नुसता कापूस निघाला.

"घ्या," बायको म्हणाली, "अस्तरासकट आलाय कोट."

मास्तरला रडायला लाज वाटली, म्हणून तो हसला. "अख्ख्या गावाला बेतून कपडे शिवले, आणि एक भाजी बेतता येईना. माझ्यापेक्षा शेळीला जास्त कळत होतं. ती कोवळं खायची."

मग पिशवी घेऊन, मान खाली घालून काकूपुढं उभा राहिला. "घाल काय शिव्या घालायच्या त्या. पण चौघांची भाजी दे. पोरीच्या घरचे येतायत."

"शिव्या कशाला?" काकू पिशवी भरत म्हणाली. "तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं असली की भाजीवाल्यांना मरण नाही. बाकीची घरी लावतात आणि खातात, तुम्ही लावता आणि विकत घेता."

दुसऱ्या दिवशी व्याही जेवले, दोनदा मागून जेवले. विहीणबाई म्हणाल्या, "भाजी घरची वाटतं?"

बायकोनं मास्तरकडं पाहिलं. खोटं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण करवत अजून कोपऱ्यात उभी होती. मास्तरनं सगळं सांगून टाकलं, दगडापासून भुशापर्यंत, स्वतःला गाढव म्हणत.

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या, हसता हसता थांबल्या आणि नवऱ्याकडं वळल्या. "ऐकताय ना? आमच्या छपरावर भोपळा आहे. वासा वाकलाय, पण हे हात लावू देत नाहीत. आणि कंजुषीचे टोमणे मात्र सुनेला!"

व्याही पानातलं मीठ चिवडत बसले.

आठवड्यानं लेकीचा निरोप आला. "भोपळा सासूबाईंनी आणि मी मिळून उतरवला. मामंजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. घर फार निवांत आहे."