स्वस्तात साठवलेला धूर

अर्थसंकल्प जवळ आला की आपल्या गृहस्थाश्रमात एक विलक्षण दूरदृष्टी जागी होते. साखर, साबण, तेल, जे महागणार अशी कुणकुण लागते ते आपण आधीच भरून ठेवतो. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत राहणाऱ्या हरिश्चंद्र सामंतांनी एका फेब्रुवारीत सिगारेटींची खोकी भरून ठेवली.

"साब, परसों भाव चढेगा, अभी ले लो," असे पानवाला चंदन म्हणाला होता. आणि भाव खरोखरच चढला.

"सरकारला चकवलं की नाही?" हरिश्चंद्रांनी पत्नीला अभिमानाने विचारले.

"चकवलंत खरं! आता कपाटावर पानपट्टीची पाटी तेवढी लावा," मनोरमाबाई म्हणाल्या.

पूर्वी पाकीट संपले की जिने उतरण्याचा कंटाळा हरिश्चंद्रांना आवरत असे. आता हात लांबवला की पाकीट! तेही जुन्या भावाचे. मग संकोच कसला? घरात धूर दाटू लागला. धाकट्या लेकीला, रुचिताला, दमा होताच. होळीच्या सुमारास तिला धड निजताही येईना.

"घरातला धूर थांबवा, नाहीतर हिला इस्पितळात ठेवावं लागेल," डॉक्टरांनी बजावले.

"मी उधळपट्टी कुठे करतोय? उलट वाचवतोय!" घरी येताच हरिश्चंद्र पुटपुटले.

लेकीची पाठ चोळत मनोरमाबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तेल थोडं थोडं आणते तेव्हा मी पळीने मोजून घालते. डबा भरलेला असला की माझाही हात सैल सुटतो. भाव वाढल्यावर कितीतरी जणांनी दोनाच्या जागी एक ओढली असेल. ती महागाई तुम्हालाही आवरायला आली होती. तुम्ही तिला दाराबाहेर ठेवलंत!"

हरिश्चंद्रांनी कपाटाकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "उरलेली खोकी चंदनला देतो. नव्या भावाने घेईल, चार पैसे सुटतील."

"आणि तो धूर कुणा दुसऱ्याच्या रुचिताच्या छातीत जाईल!"

हे शब्द मात्र हरिश्चंद्रांच्या हृदयात रुतले. त्यांनी कपाट उघडले, एकेक पाकीट फोडले आणि सारा साठा बादलीतल्या पाण्यात बुडवला.

"बाबा, काय करताय?" रुचिताने धापा टाकत विचारले.

"फार महाग पडलेली वस्तू टाकतोय, बाळा."

तल्लफ पुढे पुष्कळ दिवस छळत राहिली. परंतु वाढलेला भाव आता त्यांना वैरी वाटत नव्हता. रुचिताचा श्वासही हळूहळू मोकळा झाला.

बंधुभगिनींनो, अपायकारक वस्तूचा भाव वाढतो तेव्हा तो चुकवण्याची युक्ती शोधू नये. तो आपल्या आरोग्याच्या दारी उभा राहिलेला राखणदार असतो. त्याला चकवणारा स्वतःचेच घर लुटतो.