तोताराम नानांची नोटीस

"बाहेरून कुलूप आणि आत पंखा चालू. सारिका, मी काय आज नोकरीला लागलो का?" तोताराम नाना दाराबाहेरून म्हणाले.

आतून हसू ऐकू आलं. "हातात घेतली नाही तर नोटीस लागू होत नाही म्हणतात, नाना."

"दाराला चिकटवली तरी होते."

नानांनी डब्यातली खळ फासली, नोटीस चिकटवली, शेजारच्या दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या आणि सायकल पुढे काढली.

नाना पारोळ्यात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत शिपाई. उद्यापासून संप होता आणि सरकारने आजच मेस्मा कायदा लावला होता. संप बेकायदा, कामावर या, नाहीतर कारवाई. संपाला बसणाऱ्या शिपायानेच संपकऱ्यांना नोटिसा वाटायच्या, असला न्याय फक्त सरकारी कचेरीत सापडतो. मागणी होती कचेरीतल्या सारिकासारख्या, २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळावी ही. नाना त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांची पेन्शन पक्की होती, निवृत्तीला पाच महिने उरले होते. चौकशी लागली की मात्र ती लटकणार.

म्हणून तर सकाळी साहेब म्हणाले होते, "नाना, ही तुमची. उद्या हजेरीवर सही करा, मी ही फाडून टाकतो." साहेब मनाने वाईट नव्हते. नानांनी ती गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली होती.

दुपारी तेवढीच उरली. ती घेऊन ते घरी आले.

"साहेब फाडाले तयार शे, मंग फाडू द्या ना," त्यांची बायको द्रौपदाबाई म्हणाल्या. "आपले काय कमी शे?"

"आपले नही. सारिकाले म्हतारपणमा काय शे?"

"तुमले भ्याव नही वाटत?"

"वाटस ना," नाना म्हणाले. खरंच वाटत होतं.

द्रौपदाबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. खळ सुकली होती. त्यांनी चुलीवर वाटीभर नवी खळ शिजवली.

संध्याकाळी साहेबांनी नोटिसांच्या पोचपावत्या चाळल्या. शेवटच्या कागदावर बजावणारा तोताराम, घेणाराही तोताराम आणि खाली शेरा, 'दारालाही चिकटवली'.

"स्वतः घेतलीत, मग दाराला कशाला लावली?"

"सगळ्यांच्या दाराला मीच लावली, साहेब. माझंच दार कोरं बरं दिसेल का?" नानांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "उद्या कचेरी तुम्हालाच उघडायची आहे. किल्ली जरा डावीकडं दाबून फिरवा."

सकाळी साहेबांनी किल्ली डावीकडं दाबली. रस्त्यापलीकडच्या संपकऱ्यांच्या मांडवात सारिकाने सतरंजीवर सरकून नानांना जागा दिली होती. साहेब आत आले. कोपऱ्यातला माठ घासून, काठोकाठ भरून ठेवलेला होता आणि झाकणावर पेला उपडा घातला होता.