वनाच्या वाट्याचा रोट

वर.

वना अवकाशयानाच्या काचेला कपाळ टेकवून होता. खाली पृथ्वी सरकत होती. वर्षानुवर्षं हवाई दलाची विमानं उडवली, परक्या देशात परकी भाषा शिकला, गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसून ओकला, ते सगळं याच्यासाठी. अंगाला वजन नव्हतं. हातातून सुटलेली पेन्सिल पडत नव्हती. आपल्याला आता काहीच नको, असं त्याला वाटलं. असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

खाली.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याच्या गावात कानबाई देवी बसायची होती. श्रावणातला रविवार. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू रोटासाठी, देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घ्यायचे. रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही, उरवायचा तर नाहीच. वनाची आई रुक्माबाई मुठी मोजत त्याच्या नावाशी आली, तसा दीर पितांबर बोलला.

"भाबी, तो ते जमीनवरच नही. तेनी मूठ कसाले?"

"मरना का तो?"

पितांबरने नकाराची मान हलवली.

"मंग."

तिने मूठ भरली. वर पाव मूठ.

वर.

ढगांच्या पोटात वीज चमकत होती. आवाज नाही. एक ढग उजळला की दुसरा विझायचा. त्या ढगांखाली तापी होती, गाव होतं. ते वनाच्या मनातही आलं नाही. तो वीज बघत राहिला.

खाली.

वना परतला. मग सत्कार. शिरपुरात, धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात. गळ्यात हार, आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न: वरून आपलं गाव दिसलं का? घरच्यांची आठवण आली का?

दिसलं. आली.

टाळ्या.

टाळ्या वाजल्या की वना अजून थोडा एकटा व्हायचा. सांगायचं होतं ते निराळंच, आणि ते ऐकणारं कुणी नव्हतं.

घर.

रुक्माबाई सुपात गहू निवडत होती. वना समोर भिंतीला टेकून बसला. पितांबरकाकाने आधीच कान फुंकले होते : तुझ्या वाट्याचा रोट उरलाय, देवीचं उरवून ठेवलंय तुझ्या आईने.

"दखायनं का रे आपलं घर?"

"नही माय. बठ्ठे ढग व्हतात."

"मनी याद उनी व्हई."

एक "हा" म्हटला असता तर भागलं असतं.

"उनी नही. कोनीच याद उनी नही, माय."

सूप थांबलं. तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मंग पोट भरेल व्हई तुनं."

वनाने मान डोलावली. इतक्या लोकांत हे तिला एकटीलाच कळलं होतं.

ती उठली. उतरंडीच्या वरच्या मडक्यातून फडक्यात बांधलेला रोट काढला. वाळून पार दगड झाला होता.

"आते ते भूक लागेल शे ना?"

दुधात बुडवूनही तुकडा दाताखाली फुटेना. वनाने तो तसाच तोंडात धरला, मऊ होण्याची वाट बघत. नजर आपसूक छतातल्या झरोक्याकडे गेली. तिथे तळहाताएवढं आभाळ होतं.

रुक्माबाईने ते पाहिलं. ताटली त्याच्याकडे सरकवली.

"आधी खा," ती म्हणाली. "मंग दख."