कडेची पट्टी

फाइलीच्या कोपऱ्यावरचं काळं इलॅस्टिक ती एका बोटानं ताणत होती आणि सोडत होती. टप्... टप्... पुठ्ठ्यावर तेवढ्या जागेत एक फिकट रेघ उमटली होती, आणि त्याला वाटलं, हे आता तुटणार, तुटलं की फाइलीतले सगळे कागद गाडीभर पसरणार, आणि ते गोळा करता करता निदान पाच मिनिटं तरी बायको आपल्याकडे बघणार नाही.

समोर गाड्या, मागे गाड्या, तीन भरगच्च रांगा. नाव द्रुतगती मार्ग, आणि मघापासून सगळे मिळून शंभर पावलं सरकले असतील नसतील. डावीकडे, पिवळ्या रेघेपलीकडे कडेची पट्टी होती—बंद पडलेल्या गाड्यांसाठी आणि रुग्णवाहिकांसाठी राखलेली—आणि तिच्यावरून दर मिनिटाला एखादा बहाद्दर रांगेतून बाहेर पडून सुसाट पुढे जात होता.

"दहा पंचवीस झाले," ती म्हणाली. "अकराला दार लावून घेतात."

"माहीत आहे."

"फाटा दीड किलोमीटरवर आहे. कडेनं घातली तर पाच मिनिटं."

त्याला तेही माहीत होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं तात्पुरती होती, दर जूनमध्ये नवं पत्र, दर एप्रिलमध्ये धाकधूक. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं कायम होऊन तिलाच सूचना द्यायला लागली होती. पुढच्या वर्षी तिचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं. म्हणजे आजची मुलाखत शेवटची. महिनाभर स्वयंपाक करताना ओट्यावर टाचणं टेकवून तिनं पाठांतर केलं होतं आणि त्यानं छाती ठोकून सांगितलं होतं, रिक्षाबिक्षा काही नाही, मी स्वतः सोडतो... ठोकली होती खरी.

"अहो, आजच्या दिवस नियमावली गुंडाळून ठेवा ना."

नियमावली हे त्याचं कचेरीतलं नाव. तो लिफ्ट तपासायचा. मजल्यात आणि लिफ्टमध्ये बोटभर फरक दिसला की तो लिफ्टला कुलूप लावायचा, मग सोसायटीचे अध्यक्ष हात जोडोत की आवाज चढवोत. लोक मागे कुरकुरायचे, पण त्या कुरकुरीत आदर असायचा, आणि तो त्याला आवडायचा. अगदी खरं सांगायचं तर फार आवडायचा. आत्ताही बायकोच्या चिडण्यात तो आदर थोडासा होताच—माझा नवरा सरळमार्गी, काय करणार! हेच त्याला सहन होत नव्हतं. ती त्याला शिव्या घालती तर बरं झालं असतं.

कारण तीन आठवड्यांपूर्वी, याच रस्त्यावर, ऐन दुपारी...

घाई कसली? कसलीच नाही. भूक लागली होती. फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता फाटा मागे राहिला, पुढे रांगा तुंबलेल्या, आणि पुढचा फाटा नऊ किलोमीटरवर. मग नियमावलीनं काय केलं? गाडी कडेच्या पट्टीवर घेतली आणि उलटी, मागे मागे, फाट्याकडे न्यायला सुरुवात केली. मान वळवून, एक हात शेजारच्या सीटवर, मोठ्या ऐटीत. आणि मग आरशात तो निळा दिवा. भोंगा. रुग्णवाहिका त्याच पट्टीवरून त्याच्याच दिशेनं येत होती. पुढे अपघात झाला होता म्हणून तर रांगा तुंबल्या होत्या. ती येऊन त्याच्या मागे थांबली. तिच्या मागे आणखी चार उपटसुंभ गाड्या चिकटलेल्या, त्यामुळे तिला मागे जाता येईना, आणि त्याला पुढे पळावं तर पुढच्या पट्टीत आणखी कुणी घुसलेलं. चार मिनिटं. भोंगा बंद होईना. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीन ओळी होत्या: मदत पोचायला उशीर, एकाचा मृत्यू. वय चौतीस.

मी तरी काय करणार होतो? आत शिरायला जागाच नव्हती. असेल माझी चूक, गाडी मागे घेतली ही चूकच, पण जागाच नव्हती... तीन आठवडे तो हे वाक्य रोज स्वतःशी म्हणत होता, दाढी करताना, जिना चढताना.

"कुणीतरी आत यायला बघतंय," ती म्हणाली.

कडेच्या पट्टीवरची एक करडी गाडी त्याच्या बरोबरीला येऊन रेंगाळली होती. पुढे लांबवर पोलिसांची पिवळी जाकिटं दिसत होती, म्हणून असेल. त्यानं ब्रेक दाबून पुढे गाडीभर अंतर सोडलं आणि हातानं खूण केली—ये.

"आता याला घ्या आत! त्याला घ्या, मला बसवून ठेवा!"

करड्या गाडीतल्या माणसानं ती जागा पाहिली. नीट पाहिली. मग पोलिसांकडे पाहिलं, मग फाट्याकडे... आणि त्याच्या चेहऱ्यावर तो हिशेब चाललेला याला स्वच्छ दिसला. जमेल. एवढ्यात जमेल. आणि तो तसाच पुढे निघून गेला.

हा चेहरा यानं आधी कधी पाहिला नव्हता, पण तो ओळखीचा होता. आतून ओळखीचा. त्या दुपारी ट्रक होता. लाल ट्रक, आणि ट्रकवाल्यानं थांबून जागा सोडली होती, खिडकीतून हात काढून खूण केली होती, आणि आपण पाहिलं होतं. निळा दिवा अजून लांब होता. फाटा पन्नास पावलांवर. आपण म्हणालो, जमेल. मग मागचे भोंगे वाजवायला लागले, ट्रक सरकला, जागा मिटली... आणि नंतर खरोखरच जागा नव्हती.

"का?" ती विचारत होती. आवाज आता चिडलेला नव्हता, रडवेला होता. "एकच कारण सांगा, मी पुन्हा विचारणार नाही."

"जागा होती," तो म्हणाला.

"कुठे?"

मग त्यानं सांगितलं. भुकेपासून सांगितलं, ट्रकवाल्याच्या हातापर्यंत, चौतीस वयापर्यंत, काहीही न गाळता. मागचे भोंगे वाजत होते. पुढची गाडी तीन गाड्यांइतकी सरकली होती, आणि तो सरकायचं विसरला होता.

इलॅस्टिकवरचं तिचं बोट थांबलं. ती दार उघडून उतरेल असं त्याला वाटलं. आपल्याला हात लावणार नाही, किंवा लावेल, रडेल... यातलं काहीतरी व्हायला हवं होतं. त्याची तीन आठवड्यांची तयारी होती.

"वाईट झालं," ती शेवटी म्हणाली. "फार वाईट केलंत." मग अगदी हळू, "पण मला अकराला पोचायचंय."

पट्टी मोकळी होती. आरशात काहीही येत नव्हतं. त्यानं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. पाय ब्रेकवरच होता. आणि आता पहिल्यांदाच त्याला कळेना की तो पाय तिथे कुणासाठी आहे—त्या चौतीस वर्षांच्या माणसासाठी, की आपले हात या खेपेला स्वच्छ राहावेत म्हणून, आणि त्याची किंमत हिनं मोजावी म्हणून.