किटलीचा आळ माझ्यावर

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या घरात त्याबद्दल शंका घेतली जाते.

काम माझं साधं. कोंबडीच्या पिल्लांच्या खोलीत चार लाल दिवे टांगलेले आहेत. खोली गार पडली की मी ते लावतो, पुरेशी ऊब झाली की बंद करतो. माझ्या पेटीतून एक लांब तार निघते आणि तिच्या टोकाला पितळी मणी आहे. मण्याला जेवढं कळतं, तेवढंच मला कळतं. कारखान्यातून निघालो तेव्हा सोबत एक कागद होता. मणी पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगावा, असं त्यात ठळक लिहिलं होतं. मालकांनी तो कागद खिडकीच्या फटीत कोंबला. वारा अडला, एवढं मात्र खरं. आणि मणी त्यांनी दाराजवळच्या फळीवर खिळ्याला अडकवला, पिल्लं चोची मारतील म्हणून.

तरीही नऊ हिवाळे मी निभावून नेले. पहिल्या वर्षी तर पाहुण्यांना मुद्दाम आणून मला दाखवायचे. पुढे कौतुक सरलं आणि माझ्या बटणाचा छळ सुरू झाला. मालकांना हुडहुडी भरली की बटण वर, पोती उचलून घाम आला की खाली. एका दिवसात अकरा वेळा, मी मोजलंय. पिल्लांना कसं वाटतं, हे विचारायची पद्धतच नव्हती.

यंदा मालकांचे गुडघे धरले. चहाला घरापर्यंत जाणं होईना, म्हणून सूनबाई दहाला आणि चारला किटली इथेच आणून द्यायच्या. ठेवायच्या कुठे? फळीवर, मण्याला अगदी खेटून. मण्याला वाटे, वा, काय ऊब आहे! मी इमानदारीत दिवे बंद करायचो. खाली दोनशे पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवाट करायची, आणि मला ओरडायला तोंड नाही.

तिसऱ्या दिवशी ढिगाखाली पाच पिल्लं मेलेली सापडली. मालकांनी वायरमनला बोलावलं. त्याने माझं झाकण न उघडताच निदान केलं. म्हणाला, हा म्हातारा झालाय, काढून टाकू, उद्या येऊन दिवे सरळ जोडून देतो. मालकांनी मान डोलावली. म्हणजे दिवे अखंड पेटणार, आणि दुपारी हीच पिल्लं भाजून निघणार. त्याचा विचार दोघांनीही केला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला सूनबाईंनी किटली ठेवली. दिवे विझले. त्या दारात थबकल्या. किटली उचलून बाहेर नेली. थोड्या वेळाने दिवे लागले. पुन्हा ठेवली, पुन्हा विझले. मग त्या सासऱ्यांकडे वळल्या.

"बाबा, याला पिल्लांचं काही कळत नाहीये. याला तुमचा चहा कळतोय."

"मग मी चहा पिऊच नको का?"

"प्या की. पण किटली मांडीवर घेऊन बसा."

वायरमन आला तेव्हा सूनबाईंनी मणी खाली, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर बांधून घेतला, वरून जाळीची टोपी घातली. तो म्हणाला, मी तेच सांगत होतो.

माझी माफी कुणी मागितली नाही. मालक आता पाहुण्यांना सांगतात, दिवे मोठे गुणाचे आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर तो बिघडला म्हणण्याआधी त्याच्या शेजारी तुम्ही काय ठेवलंय ते बघा. आणि पिल्लांकडेही बघा. दिव्याखाली गोळा झाली तर ती गारठली आहेत, भिंतीकडे पळाली तर तापली आहेत. त्यांना एवढंच सांगता येतं, पण ते खरं असतं.

काल मांडी भाजली म्हणून मालकांनी किटली माझ्या पेटीच्या डोक्यावर ठेवली. चटका मला बसला. मण्याला काही कळलं नाही. दिवे चालूच राहिले आणि पिल्लं खोलीभर पाय पसरून झोपली होती. म्हणून गप्प बसलो.